उपसा सिंचन योजनेचे ३.१५ एमव्हीए रोहित्र दीड वर्षात दोनदा निकामी झाले : मूळ कारण कसे शोधावे?

कृष्णाकाठ_पंपगृह

नमस्कार. मी कृष्णाकाठच्या एका सहकारी उपसा जलसिंचन संस्थेत विद्युत पर्यवेक्षक आहे. आमच्या योजनेवर सुमारे अडीच हजार एकर क्षेत्र भिजते आणि त्यातले बहुतेक उसाचे आहे. जॅकवेलवर (नदीचे पाणी उचलण्याच्या विहिरीवर) ५०० अश्वशक्तीच्या ३.३ केव्हीच्या चार मोटारी असून त्यांना ३३/३.३ केव्ही, ३.१५ एमव्हीए क्षमतेच्या एकाच रोहित्रातून पुरवठा होतो. रोहित्र १९९६ सालचे आहे, व्हेक्टर ग्रुप (कॉइलच्या जोडणीचा प्रकार) डीवायएन ११ आहे आणि पाटीवर इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा आतला विरोध) ६.२५ टक्के लिहिलेला आहे. राखीव रोहित्र आमच्याकडे नाही.

पंचवीस वर्षे या रोहित्राने कसलाही त्रास दिला नाही. एप्रिल २०२२ मध्ये वळवाच्या पावसात विजा होत असताना ते प्रथम बंद पडले. टाकीतून बाहेर काढल्यावर बी फेजच्या (आर, वाय, बी या तीन फेजपैकी एक) एचव्ही म्हणजे ३३ केव्ही बाजूच्या कॉइलची लाइनच्या टोकाजवळची काही वेटोळी आपसांत जळालेली दिसली. बाकीच्या कॉइल चांगल्या असल्याने एका कार्यशाळेतून तेवढीच एक कॉइल नव्याने भरून घेतली, तेल गाळून घेतले आणि जूनमध्ये रोहित्र पुन्हा बसवले. त्यानंतर एक हंगाम नीट पार पडला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाण्याची पाळी सुरू केल्यावर पाचव्याच दिवशी बुखोल्झ रिलेने (तेलात निर्माण होणारा वायू ओळखणारे संरक्षण) रोहित्र ट्रिप केले. या वेळी बी फेजचीच, पण आतली एलव्ही म्हणजे ३.३ केव्ही बाजूची कॉइल वरच्या बाजूला उचलली गेली आहे, तिची वरची वेटोळी तिरकी झाली आहेत, मधले काही स्पेसर (अंतर राखणारे तुकडे) निसटून खाली पडले आहेत आणि दोन ठिकाणी कागद फाटून तांबे वितळले आहे.

संचालक मंडळात यावर तीन मते आहेत. काही जण म्हणतात की मोटारी थेट स्टार्टरने (पूर्ण व्होल्टेज एकदम देऊन) सुरू केल्यामुळे रोहित्राला धक्के बसतात. काहींच्या मते भार जास्त आहे. ज्या कार्यशाळेने दुरुस्ती केली ती या वेळीही विजेकडे बोट दाखवते. मात्र नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे वीज पडली नव्हती. ऑक्टोबरमध्ये केलेल्या तेलाच्या चाचणीत बीडीव्ही (तेल किती व्होल्टेज सोसते तो आकडा) ५२ केव्ही आला होता, त्यामुळे तेल चांगले होते असे मी धरून चाललो आहे. आता पुन्हा खर्च करण्यापूर्वी खरे कारण समजले नाही, तर तिसऱ्यांदाही हेच होईल अशी मला भीती वाटते. उन्हाळ्यात पाणी थांबले तर उभा ऊस वाळेल आणि त्याची भरपाई कोणीही करू शकणार नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उपकेंद्र_निवृत्त

नमस्कार. आपण पाटीवरचे आकडे दिले हे फार चांगले केले, कारण त्यांच्या आधारे दोन मते आजच बाजूला ठेवता येतात. ३.१५ एमव्हीएच्या रोहित्राचा ३.३ केव्ही बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ५५१ अँपिअर असतो. ५०० अश्वशक्तीची मोटार साधारण ८२ अँपिअर घेते, म्हणजे चारही मोटारी चालू असताना भार ३३० अँपिअरच्या आसपास, क्षमतेच्या साठ टक्के इतकाच आहे. थेट स्टार्टरने सहापट प्रवाह धरला तरी तीन मोटारी चालू असताना चौथी सुरू करताना एकूण प्रवाह साडेसातशेच्या आतच राहतो आणि तोही काही सेकंदांपुरताच. कॉइलवर येणारे यांत्रिक बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या हिशेबाने मोटार सुरू होताना ते बल पूर्ण भाराच्या पावणेदोन पटीच्या आसपास जाते. याच रोहित्राच्या ३.३ केव्ही बाजूला अगदी जवळ शॉर्ट सर्किट झाले, तर ६.२५ टक्के इम्पिडन्समुळे प्रवाह सोळापट, म्हणजे ८,८०० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि बल २५६ पट होते. उचलली गेलेली कॉइल आणि निसटलेले स्पेसर पाहता हे काम मोटारींचे नाही, कोणत्या तरी शॉर्ट सर्किटचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचा मुद्दाही थोडक्यात सांगतो. साध्या क्राफ्ट कागदासाठी कॉइलमधील सर्वांत तप्त जागेचे तापमान ९८ अंश सेल्सिअस हा आधार मानतात आणि त्यापुढे दर ६ अंशांनी कागदाची झीज दुप्पट, म्हणजे आयुष्य निम्मे, होत जाते. साठ टक्के भारावर आपण त्या मर्यादेच्या बरेच खाली असणार. अपवाद एकच : दुरुस्तीनंतर रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंदच राहिले असतील तर गोष्ट वेगळी. असे मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिले आहे, तेव्हा तेलाच्या तापमानाची नोंदवही एकदा चाळून पाहावी.

सिग्रे या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोठ्या रोहित्रांच्या ९६४ बिघाडांचा अभ्यास होता. त्यात वाइंडिंग (कॉइल), टॅप चेंजर (व्होल्टेज जुळवणारा भाग) आणि बुशिंग (जोडणी टाकीबाहेर काढणारे इन्सुलेटर) हे भाग सर्वांत पुढे होते. पण वाइंडिंग जळले हे झाले बिघाडाचे ठिकाण. तिथपर्यंत वीज, शॉर्ट सर्किट, ओलावा, सैल जोड किंवा सदोष दुरुस्ती यांपैकी काय पोहोचले, हे नोंदींवरून शोधावे लागते. म्हणून माझे काही प्रश्न आहेत. ट्रिप होण्यापूर्वीच्या पाच दिवसांत बुखोल्झचा अलार्म आला होता का? एप्रिल २०२२ नंतर ३.३ केव्ही बाजूला, म्हणजे केबल, पॅनेल किंवा मोटारींमध्ये, एखादा मोठा फॉल्ट झाला होता का? लाइटनिंग अरेस्टर (विजेची लाट जमिनीत वळवणारी उपकरणे) रोहित्रापासून किती अंतरावर आहेत? आणि पावसाळ्यात रोहित्र चालू असते की बंद?

कृष्णाकाठ_पंपगृह

आदरणीय साहेब, आपले प्रश्न वाचून मी नोंदवह्या पुन्हा काढल्या आणि माझ्या चुकाही माझ्या लक्षात आल्या. जे आहे ते प्रामाणिकपणे लिहितो.

ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दडी मारल्यामुळे आम्हाला ऐन पावसाळ्यात पंप सुरू करावे लागले. २६ ऑगस्टला पंपगृहाच्या बाहेरच्या चेंबरमधील ३.३ केव्ही केबलचा जॉइंट फुटला. चेंबरमध्ये पाणी साचले होते. ब्रेकर ट्रिप झाल्यावर ऑपरेटरने कारण न शोधता तो आणखी दोनदा चढवून पाहिला आणि दोन्ही वेळा तो लगेच पडला. केबल दुरुस्त करून आम्ही पंप पुन्हा चालवले आणि रोहित्राची कसलीही तपासणी केली नाही, कारण ते व्यवस्थित चालत होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आल्यावर सर्व पुरवठा बंद केला, तो नोव्हेंबरपर्यंत बंदच होता.

नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या दिवशी दुपारी आणि चौथ्या दिवशी पहाटे बुखोल्झचा अलार्म आला होता. आठवड्यापूर्वी कॉन्झर्व्हेटरमध्ये (रोहित्रावरच्या तेलाच्या छोट्या टाकीत) दोन पिंप तेल भरले असल्यामुळे हवा अडकली असावी असे समजून ऑपरेटरने दोन्ही वेळा कॉक उघडून वायू सोडून दिला. मला हे पाचव्या दिवशी, ट्रिप झाल्यानंतर कळले.

अरेस्टर ३३ केव्हीच्या प्रवेशाच्या स्ट्रक्चरवर आहेत आणि तिथून रोहित्र २० मीटर दूर आहे. टेप लावून मोजले. तेलाचे तापमान ६२ अंशांच्या वर गेल्याची नोंद नाही आणि रेडिएटरचे व्हॉल्व्ह उघडे आहेत.

कॉइल_कारागीर

मी गेली बावीस वर्षे रोहित्र दुरुस्तीच्या व्यवसायात आहे. कोणाच्या कामाला नावे ठेवण्यासाठी मी लिहीत नाही, पण आपल्या वर्णनातल्या एका गोष्टीवर मी अडकलो : दोन्ही वेळा बी फेज. बाहेरची एचव्ही कॉइल नवी भरली त्याच फेजची आतली एलव्ही कॉइल वर उचलली गेली. हा योगायोग असू शकतो. मला मात्र तो तसा वाटत नाही.

एकाच लिंबवर (लोखंडी गाभ्याच्या उभ्या खांबावर) आतली आणि बाहेरची अशा दोन कॉइल असतात. त्या उंचीने सारख्या असल्या आणि त्यांचे मध्य एका पातळीत असले, तर शॉर्ट सर्किटच्या वेळी मुख्य बल आडवे लागते. आतली कॉइल गाभ्याकडे दाबली जाते आणि बाहेरची फुगू पाहते. मध्यांमध्ये थोडे जरी अंतर पडले, तरी उभे बल निर्माण होते आणि ते दोघींना आणखी दूर ढकलते. म्हणजे एलव्हीचा मध्य थोडा वर असेल तर एलव्ही आणखी वर आणि एचव्ही आणखी खाली जाऊ पाहते. एकदा सरकलेली कॉइल पुढच्या फॉल्टच्या वेळी आधीपेक्षा मोठे बल ओढून घेते. आपल्याकडे ब्रेकर तीनदा पडला, म्हणजे एकापाठोपाठ तीन घाव बसले आणि प्रत्येक घाव आधीच्यापेक्षा वाईट होता.

आता नवी एचव्ही कॉइल बुटकी कशी होते ते सांगतो. कॉइल भरताना डिस्कच्या मध्ये प्रेसबोर्डचे स्पेसर घालतात. प्रेसबोर्ड आणि कागद हवेतला ओलावा धरून असतात आणि भट्टीत वाळले की आकसतात. म्हणून कॉइल वाळवल्यानंतर ती प्रेसखाली दाबून उंची मोजायची असते, कमी भरल्यास वर प्रेसबोर्डच्या कड्या घालून ती जुन्या कॉइलच्या बरोबरीला आणायची असते आणि मगच वरचे क्लॅम्प कसायचे असतात. टाकीत बसवण्यापूर्वी ते पुन्हा एकदा तपासावे लागतात. हंगामाच्या घाईत ही पायरी गाळली जाते, कारण बाहेरून काहीच दिसत नाही, मेगर (इन्सुलेशनचा रोध) चांगला येतो, रेशो (दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजचे गुणोत्तर) बरोबर येतो आणि रोहित्र चालूही होते. कॉइल खालच्या ठोकळ्यावर बसलेली असल्याने ती आकसली की तिचा मध्य खाली येतो. आपली एलव्ही कॉइल वरच्या दिशेला गेली आहे, ही गोष्ट याच्याशी नेमकी जुळते.

माझी विनंती एवढीच आहे की कॉइल उतरवण्यापूर्वी तिन्ही फेजच्या एचव्ही कॉइलची उंची चार बाजूंनी मोजून लिहून ठेवावी, वरचे क्लॅम्पचे बोल्ट हाताने फिरतात का ते पाहावे आणि छायाचित्रे काढावीत. एकदा कॉइल कापल्या की हा पुरावा कायमचा जातो. भंगारवाल्याकडे तांबे गेल्यावर कारण शोधणे कोणालाही शक्य नाही.

तेल_तपासणी

कॉइल_कारागीर यांचा तर्क मला पटतो. परंतु ऑगस्टमध्ये सरकलेली कॉइल निकामी व्हायला नोव्हेंबर का उजाडला, याचे उत्तर ओलाव्यात आहे असे मला वाटते आणि त्यासाठी ५२ केव्हीच्या बीडीव्हीबद्दलचा गैरसमज आधी दूर करायला हवा.

रोहित्रातील बहुतांश पाणी तेलात नसते, ते कागदात आणि प्रेसबोर्डमध्ये असते. थंड तेलात पाणी फार कमी विरघळते, त्यामुळे महिनाभर बंद असलेल्या रोहित्रातून ऑक्टोबरच्या सकाळी घेतलेला नमुना कागदाच्या अवस्थेबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. बीडीव्हीत अडीच मिलिमीटर अंतरावरच्या दोन इलेक्ट्रोडमधले तेल किती विद्युत दाब सोसते एवढेच कळते. चालू रोहित्रातील तेलासाठी भारतीय मानक आयएस १८६६ मध्ये या व्होल्टेज वर्गाला किमान ३० केव्हीची अपेक्षा आहे. त्या दृष्टीने आपले तेल उत्तीर्ण होते आणि तरीही कागद ओला असू शकतो. रोहित्र तापले की कागदातील पाणी तेलात येते. भार कमी होऊन तेल लवकर निवले की ते पाणी तेवढ्याच लवकर कागदात परतू शकत नाही, तेल संपृक्त होते आणि अशा वेळी त्याची विद्युत ताकद कोसळते. आपला दुसरा अलार्म पहाटे आला होता, हे लक्षात घ्यावे.

पाणी आत कुठून आले, याचा अंदाज आपल्याच माहितीतून येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीकाठची हवा ओलसर असते. बंद रोहित्राची टाकी दिवसा उन्हाने तापते आणि रात्री निवते, त्यामुळे कॉन्झर्व्हेटर रोज श्वास घेतो आणि सोडतो. ब्रीदरमधील (आत जाणारी हवा कोरडी करणाऱ्या भागातील) सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले असेल (नव्या प्रकारात नारिंगीचे हिरवे होते) किंवा त्याखालच्या वाटीत तेलच नसेल, तर प्रत्येक रात्री थोडा ओलावा थेट आत जातो. रोहित्र बिनभार चालू ठेवले असते तर गाभ्याच्या उष्णतेने ते कोमट राहिले असते. या आकाराच्या रोहित्राचा बिनभार तोटा तीन-चार किलोवॉटच्या घरात असतो, म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे दहा हजार युनिट. संस्थेला हा खर्च वाया गेल्यासारखा वाटेल. कॉइल भरण्याच्या खर्चाशेजारी तो मांडून पाहावा.

भरलेले दोन पिंप तेल कुठे ठेवले होते, हेही तपासा. झाकण सैल असलेले पिंप उघड्यावर उभे ठेवले तर त्याच्या वरच्या कडेत पावसाचे पाणी साचते आणि झाकणाच्या आट्यांतून आत ओढले जाते.

वायू सोडून दिला याची मला सर्वांत जास्त हळहळ वाटते. तेल भरल्यानंतर हवा साचून अलार्म येतो हे खरे आहे आणि म्हणूनच ऑपरेटरांना ती सवय लागते. पण हवा आणि बिघाडाचा वायू वेगळे ओळखता येतात : बिघाडाचा वायू जळतो. तो सिरिंजमध्ये किंवा काचेच्या नळीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवला असता तर हायड्रोजन आणि ॲसिटिलीनचे प्रमाण पाहून आत ठिणग्या पडत आहेत हे एका दिवसात कळले असते. ॲसिटिलीन साधारण सातशे अंशांच्या वर, म्हणजे मुख्यतः आर्कमध्ये तयार होते. हवेत त्याचा संबंधच नाही. तेव्हा रोहित्र थांबवले असते तर तांबे वितळण्याआधी ते उघडता आले असते.

आता एक काम अजून करता येईल. १९९६ च्या मूळ कॉइलच्या कागदाचे छोटे तुकडे, शक्यतो वरच्या वेटोळ्यांवरचे, काढून त्यांची पॉलिमरायझेशनची पातळी (कागदातील रेणूंच्या साखळीची लांबी) तपासून घ्या. नव्या कागदात ती हजाराच्या आसपास असते आणि दोनशेच्या जवळ आली की कागद ठिसूळ होऊन त्याचे आयुष्य संपले असे मानतात. आकडा तीनशेच्या खाली आला तर एकच कॉइल भरण्यात अर्थ नाही, सर्व कॉइल नव्या करणे किंवा नवे रोहित्र घेणे याचाच विचार करावा लागेल.

बागायतदार_मिरज

आमच्या गावच्या मळ्यातले १०० केव्हीएचे रोहित्र दर रब्बीत जळते. त्यामागेही हीच कारणे असतात का?

उपकेंद्र_निवृत्त

बागायतदार, लहान वितरण रोहित्रांचे कारण बहुधा वेगळे असते. तिथे मंजूर भारापेक्षा जास्त पंप, तिन्ही फेजवर असमान भार, फ्यूजच्या जागी घातलेली जाड तार आणि गळतीमुळे किंवा चोरीमुळे कमी झालेले तेल ही कारणे पुढे येतात. त्या रोहित्राला बुखोल्झसारखे संरक्षणही नसते. यासाठी स्वतंत्र प्रश्न टाकावा, तिथे सविस्तर लिहीन.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पहिल्या बिघाडाबद्दल कार्यशाळेचे म्हणणे बरोबर होते असे दिसते. विजेची लाट तीव्र चढाची असते आणि तिचा मोठा हिस्सा कॉइलच्या लाइनकडच्या पहिल्या काही वेटोळ्यांवरच पडतो. आपल्याकडे नेमकी तीच जळाली. परंतु ती लाट रोहित्रापर्यंत का पोहोचली, याचे उत्तर आपण टेपने मोजलेल्या २० मीटरमध्ये आहे. अरेस्टर दूर असला की लाट रोहित्रावर आदळून परत फिरते आणि मधल्या काळात रोहित्रावरचा विद्युत दाब अरेस्टरवरच्या दाबापेक्षा वाढतो. लाट मायक्रोसेकंदाला ५०० केव्ही या वेगाने चढत असेल, तर २० मीटरसाठी ही वाढ सुमारे ६७ केव्ही येते. अरेस्टर स्वतः काही दाब शिल्लक ठेवतो, शिवाय त्याच्या अर्थिंगची लांब तार प्रत्येक मीटरमागे काही केव्ही भर घालते. ३३ केव्हीच्या नव्या रोहित्राची विजेच्या लाटेसाठीची सहनक्षमता १७० केव्ही असते. पंचवीस वर्षे वापरलेल्या कागदाकडे ती पूर्ण उरलेली नसते. म्हणून कॉइल बदलली तरी कारण जागच्या जागी राहिले. पुढचा वळीव येण्याआधी अरेस्टर रोहित्राच्या टाकीलगत आणावेत, त्यांची अर्थिंगची तार आखूड आणि सरळ असावी आणि ती टाकीच्या अर्थिंगलाही जोडावी. या एका कामाला फार पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या बिघाडासंबंधी एका गोष्टीची खंत वाटते, कारण ती अर्ध्या तासात टाळता आली असती. केबल फॉल्टनंतर रोहित्र दोन्ही बाजूंनी मोकळे करून ३.३ केव्हीची तिन्ही टर्मिनले एकत्र शॉर्ट करायची आणि ३३ केव्ही बाजूला साधा ४१५ व्होल्टचा पुरवठा द्यायचा. ६.२५ टक्के इम्पिडन्स असेल तर ३३ केव्ही बाजूला सुमारे ११ अँपिअर आणि शॉर्ट केलेल्या बाजूला ११० अँपिअर प्रवाह दिसला पाहिजे. टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या मीटरने) तिन्ही फेजचे आकडे घेऊन जुन्या नोंदीशी ताडायचे. एखाद्या फेजचा आकडा दोन टक्क्यांहून जास्त सरकला असेल, तर कॉइल जागची हलली असल्याची दाट शंका घ्यावी. मात्र त्यासाठी जुनी नोंद असावी लागते आणि दोन टक्क्यांचा फरक ओळखेल असे मीटरही चांगल्या वर्गाचे असावे लागते. दुरुस्तीनंतर फेजनिहाय इम्पिडन्स मोजून दिला होता का, हे आपण कार्यशाळेच्या अहवालात पाहावे. मला तो आकडा तिथे सापडेल असे वाटत नाही.

रिलेबद्दलही लिहितो. शॉर्ट सर्किटचा सर्वांत मोठा यांत्रिक घाव पहिल्या आवर्तनातच, म्हणजे रिले हलण्यापूर्वीच बसतो. म्हणून ट्रिप होण्याची वेळ कमी करून पहिला घाव टळत नाही; उष्णता तेवढी कमी होते. दुसरा आणि तिसरा घाव मात्र पूर्णपणे आपल्या हातात होता. ट्रिप झालेला ब्रेकर केबलचा मेगर घेतल्याशिवाय चढवायचा नाही, हा नियम पॅनेलवर मोठ्या अक्षरांत लावावा आणि शक्य असल्यास लॉकआउट रिले (तो पूर्ववत केल्याशिवाय ब्रेकर चढत नाही) बसवून त्याची किल्ली पर्यवेक्षकाकडे ठेवावी. ऑपरेटरला यासाठी दोषी धरू नका. पाळी चुकली की शेतकऱ्यांचे फोन त्यालाच येतात, त्या दबावाखाली तो बटण दाबतो.

दुरुस्तीच्या करारात या वेळी काय लिहावे, तेही सांगतो. वाळवल्यानंतरची प्रत्येक कॉइलची उंची, वाइंडिंगचा रेझिस्टन्स, सर्व टॅपवरचा रेशो, फेजनिहाय इम्पिडन्स आणि एक व दहा मिनिटांचा मेगर हे आकडे लेखी मागावेत. ३३ केव्ही वर्गाच्या नव्या रोहित्राची ७० केव्हीची दाब चाचणी घेतात. जुन्या कॉइल कायम ठेवल्यास तिच्या ८० टक्के, म्हणजे ५६ केव्ही, घेण्याची प्रथा आहे. तेल निर्वाताखाली भरावे. चालू करण्यापूर्वी, एका दिवसाने, आठवड्याने आणि महिन्याने तेलातील विरघळलेल्या वायूंची तपासणी करावी आणि ते चार अहवाल एकाच फायलीत ठेवावेत, कारण एका सुट्या आकड्यापेक्षा आकड्यांचा कल अधिक सांगतो.

कृष्णाकाठ_पंपगृह

सर्वांचे मनापासून आभार. काल कॉइल_कारागीर यांच्या सांगण्याप्रमाणे मी कार्यशाळेत जाऊन काहीही उतरवण्यापूर्वी मोजमाप घेतले. आर आणि वाय फेजच्या एचव्ही कॉइलची उंची चारही बाजूंनी एकमेकींशी दोन मिलिमीटरच्या आत जुळते. बी फेजची, दीड वर्षापूर्वी नवी भरलेली कॉइल त्यांच्यापेक्षा १४ मिलिमीटरने बुटकी आहे. तिच्या वरच्या चार क्लॅम्प बोल्टपैकी तीन बोटांनी फिरले. कार्यशाळेच्या फोरमनसमोरच मोजले आणि त्यांनीही आकड्यांवर सही केली. २०२२ च्या अहवालात मेगर आणि रेशो आहे, इम्पिडन्स नाही.

ब्रीदर उघडून पाहिला. सिलिका जेल वरपासून खालपर्यंत गुलाबी होते आणि खालची वाटी कोरडी होती. तेलाची पिंपे पंपगृहाच्या पत्र्याबाहेर उभीच होती. हे तिन्ही माझ्या देखरेखीखालचे काम आहे आणि मी ते अहवालात तसेच लिहिले आहे.

कागदाचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवले असून तो अहवाल आल्यावर एक कॉइल की सर्व कॉइल हे संचालक मंडळ ठरवेल. अरेस्टर हलवण्याचा आणि लॉकआउट रिलेचा ठराव मात्र कालच्या सभेत मंजूर झाला. पावसाळ्यात रोहित्र बिनभार चालू ठेवण्यावर बराच वाद झाला. दहा हजार युनिटांचा आकडा मांडल्यावर एका ज्येष्ठ संचालकांनी एका पाळीचे पाणी चुकल्यास किती टन ऊस जातो, एवढेच विचारले आणि तोही विषय मंजूर झाला. नवी कॉइल वाळवून प्रेसखाली जाईल त्या दिवशी मला बोलवावे, अशी अट करारात घातली आहे. कागदाचा अहवाल आला की इथेच टाकतो.

कॉइल_कारागीर

१४ मिलिमीटर फार झाले. प्रेसखाली मोजताना स्टीलची पट्टी स्वतःची न्यावी आणि दाब सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा मोजावे. चांगली वाळलेली कॉइल तेवढ्या वेळात फारशी फुगत नाही.